पेज, पोर्तुगीज आणि ‘क’: गोव्यातून स्पीच थेरपीच्या करिअरकडे पाहताना

गोव्यात माणूस आजारी पडला की घरचे आधी पेज करतात. ताप असो, ऑपरेशन असो, बाळंतपण असो, उकड्या तांदळाची ऊन पेज आणि लोणच्याची फोड ठरलेली. पक्षाघात होऊन हॉस्पिटलच्या वॉर्डात पडलेल्या म्हाताऱ्यालाही लेक थर्मासातून पेजच घेऊन येते. आणि नेमकी तीच तूर्त देऊ नका, असं सांगायला कुणीतरी खाटेपाशी येतं. सांगणारी व्यक्ती डॉक्टर नसते, नर्स नसते, आहारतज्ज्ञही नसते. ती स्पीच थेरपिस्ट असते.

बोलणं शिकवणाऱ्या माणसाचं पेजेशी काय काम? बारावीनंतर या क्षेत्राचा विचार करणाऱ्या मुलामुलींनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. याचं उत्तर कळलं की हे काम नक्की काय आहे याचा निम्मा अंदाज येतो.

आपल्या घशात अन्नाचा आणि हवेचा रस्ता काही अंतर एकच असतो. घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्याच्यावरची झडप खाली कलते, स्वरतंतू एकमेकांना चिकटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. हे सगळं साधारण सेकंदाभरात होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पक्षाघातात या स्नायूंना हुकूम देणारा मेंदूचा भाग दुखावला तर वेळ चुकते. पाणी पुढे गेलेलं असतं आणि श्वासनलिकेचं तोंड अजून उघडंच असतं. आपल्याला अशा वेळी ठसका लागतो. काही रुग्णांना तोही लागत नाही, कारण तिथली संवेदनाच मंदावलेली असते. घरच्यांना वाटतं, आज किती छान प्यायले. दोन-चार दिवसांनी ताप चढतो, छाती भरते, न्युमोनियाचं निदान होतं, आणि त्याचा संबंध कुणी त्या पेल्याशी लावत नाही.

पेजेत तर पातळ पाणी आणि शितं अशी दोन प्रकारची वस्तू एकाच घोटात येते. शितं चावायची म्हणून घास तोंडात धरावा, तोवर पाणी घशाकडे निघालेलं. नुस्त्याच्या, म्हणजे माशांच्या, पातळ कढीत कालवलेल्या भाताचीही तीच गत. त्यापेक्षा नाचण्याचं दाट, गुठळ्या नसलेलं तिजाण, म्हणजे लापशी, अशा रुग्णाला पुष्कळदा सोपं जातं, कारण ते हळू आणि एकसंध सरकतं. ‘पुष्कळदा’ म्हणतोय, कारण तपासल्याशिवाय कुणालाच काही सांगता येत नाही. तपासणी खाटेपाशी चमच्याने सुरू होते. गरज पडली तर नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात, किंवा बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली तो कुठून कुठे जातो याचं चित्रण करतात.

दाटपणा मोजायची एक पद्धत तर स्वयंपाकघरात करून पाहण्यासारखी आहे. गिळण्याच्या त्रासासाठी पेयं आणि अन्न यांची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. तिच्यातल्या पेयांसाठी १० मिलीची साधी सिरिंज घ्यायची, मागचा दट्ट्या काढायचा, टोकावर बोट ठेवून १० मिलीपर्यंत पेय भरायचं, बोट काढायचं आणि बरोबर १० सेकंदांनी पुन्हा दाबायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखं पातळ, म्हणजे पायरी ०. १ ते ४ मिली उरलं तर पायरी १, ४ ते ८ उरलं तर २, आणि ८ च्या वर उरलं, पण थोडं तरी गळालं, तर ३. थेरपिस्टने ‘पायरी २ द्या’ लिहिलं की घरी सूनबाईंना हे करून दाखवावं लागतं, आणि ताक, सोलकढी, चहा यांतलं काय किती दाट करायचं ते त्यांच्याच भांड्यांत ठरवावं लागतं. इथे ‘मेडिकल’ आणि ‘घर’ यांच्यातली भिंत फार पातळ असते. ज्यांना ती पातळ असलेली आवडेल त्यांनी पुढे वाचावं.

गिळण्याखेरीज या क्षेत्रात काय काय येतं? उशिरा बोलणारी मुलं, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, चिरलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली बाळं, ऐकू न येणारी आणि कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात घालायचं श्रवणाचं साधन, बसवलेली मुलं, अडखळत बोलणारी माणसं, आवाज बसलेले शिक्षक, पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढून टाकावं लागलेले आणि गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेणारे रुग्ण. सकाळी दहाला दोन वर्षांचं पोर आणि अकराला ऐंशीचे आजोबा. दोघांना एकच माणूस हाताळतो, म्हणून कंटाळा येत नाही, आणि त्याच कारणाने दमायलाही होतं.

आता मुलांचं काम जवळून पाहू, कारण लोकांच्या मनात ‘स्पीच थेरपी’ म्हणजे तेच असतं. समजा चार वर्षांचा मुलगा ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो, ‘गाडी’ला ‘दादी’. घरात सगळ्यांना कौतुक. दोन-अडीच वर्षांपर्यंत हे कौतुकाचंच असतं, चारच्या पुढे मात्र तपासून घ्यावं. ‘त’ म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकतं, ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर जाऊन मऊ टाळूला टेकतो. या मुलाचं टोक प्रत्येक वेळी पुढे धावतं. आधी कान तपासायचे, कारण कानात पाणी साठून मुलाला ऐकूच कमी येत असेल तर जिभेशी झटापट करून काय उपयोग? मग त्याला फरक ऐकू येतो का ते पाहायचं: कारचं चित्र आणि तारेचं चित्र समोर ठेवून आपण ‘कार’ म्हणायचं आणि तो कुठे बोट ठेवतो ते बघायचं.

मग येतो खरा उद्योग. लाकडी चपटी पट्टी, डॉक्टर घसा बघायला वापरतात तीच, जिभेच्या टोकावर हलकेच धरायची आणि ‘ता’ म्हणायला सांगायचं. टोक अडकलेलं, त्यामुळे जीभ मागून उचलली जाते आणि ‘ता’च्या जागी ‘का’सारखं काहीतरी बाहेर पडतं. पट्टीला भिणाऱ्या मुलाला चटईवर उताणं झोपवून छताकडे बघत बोलायला लावतात, जीभ आपोआप मागे सरकते. काहींना गुळण्या करायला लावल्या की तो आवाज सापडतो. एकदा सापडला की लगेच ‘काका’वर उडी मारायची नसते. बऱ्याच मुलांना ‘क’ शब्दाच्या शेवटी आधी जमतो, म्हणून ‘नाक’, ‘चाक’, मग पुढे ‘कान’, ‘काका’, मग दोन शब्द, मग वाक्य. ‘क’ पक्का झाला की ‘ग’ कित्येकदा मागोमाग येतो, कारण जागा तीच.

माझा आवडता टप्पा त्यानंतरचा. टेबलावर खेळण्यातली कार आणि तारेचा तुकडा. मुलगा म्हणतो, ‘तार दे.’ त्याच्या हातात तार द्यायची. तो चिडतो. ‘ती नाय, तार!’ पुन्हा तार. तिसऱ्यांदा तो थांबतो, तोंडाशी काहीतरी जुळवाजुळव करतो आणि ‘कार’ म्हणतो. शंभर वेळा ‘म्हण बाळा क, क, क’ करून होत नाही ते त्या चिडण्यातून होतं. पण हे वर्गात जमल्यावर घरी जाताना रिक्षात तो पुन्हा ‘ताता’च म्हणतो. आठवड्यात दोन वेळा पाऊण-पाऊण तास एवढंच आपल्या हातात असतं, बाकी वेळ तो आई, आजी आणि बालवाडीतल्या बाईंच्या हातात. त्यामुळे या व्यवसायातलं निम्मं कौशल्य मोठ्या माणसांना शिकवण्याचं आहे, आणि मोठी माणसं मुलांपेक्षा अवघड.

अवघड अशासाठी की ते आधीच बरंच काही करून आलेले असतात. कुणी शंखातलं पाणी पाजलेलं असतं, कुणी मधात उगाळलेलं वेखंड चाटवलेलं असतं, कुणी ‘जीभ जड आहे’ म्हणून जिभेखालचा पडदा कापून घ्यायच्या बेतात असतं. आणि ‘आमच्या घराण्यात मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बापसुद्धा चौथ्या वर्षी बोलला’ हे तर प्रत्येक घराण्यात. त्यांच्यावर हसू नये. वाट पाहिली आणि मूल आपोआप बोललं, असं काही वेळा खरंच घडतं, म्हणूनच या समजुती टिकून आहेत. पण कुठलं मूल आपोआप बोलेल हे आधी सांगता येत नाही. साधारण वर्षाच्या सुमारास पहिले शब्द, दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि ‘आई ये’, ‘भात नको’ अशी दोन शब्दांची जोडी, हा अंदाज. दोन वर्षांनीही जोडी होत नसेल, नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर पाचव्या वर्षाची वाट बघू नये.

इथे गोव्याचा खास प्रश्न उभा राहतो. आजी कोंकणीत बोलते, आई मराठीत, बालवाडी इंग्रजी, टीव्ही हिंदी, आणि शेजारचं घर कन्नड. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख होती. त्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी सुमारे ११ टक्के, हिंदी सुमारे १० टक्के. अशा घरातलं मूल उशिरा बोललं की पहिला सल्ला मिळतो: एकच भाषा ठेवा, जमल्यास इंग्रजी. हा सल्ला चुकीचा आहे, आणि आजही तो बिनदिक्कत दिला जातो. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. मूल अडलेलं असेल तर ते सगळ्या भाषांत अडलेलं असतं. आणि शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे: आजीकडे ‘उदक’, आईकडे ‘पाणी’, शाळेत ‘वॉटर’ म्हणणाऱ्या मुलाकडे तीन शब्द आहेत, एक नव्हे. घरातली भाषा बंद केली की आजीचं बोलणं बंद होतं, आणि दिवसभर मुलाशी सर्वांत जास्त बोलणारी तर तीच असते.

पण मोजायचं कशाने? बहुतेक प्रमाणित चाचण्या इंग्रजीत जन्मल्या. त्यांचं नुसतं भाषांतर चालत नाही. इंग्रजी उच्चारचाचणीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘ख-घ-छ-झ’सारखे महाप्राण वेगळे तपासलेले नाहीत. मग ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणणारं मूल त्या चाचणीत उत्तीर्ण. चित्रांत बर्फातले हातमोजे असतात, सत्तरी तालुक्यातल्या मुलाने ते कुठे पाहिलेत? म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेने आणि इतरांनी भारतीय भाषांसाठी साधनं तयार केली आहेत, मराठीत थोडंफार काम झालं आहे, पण आजी ज्या पेडण्याच्या किंवा काणकोणच्या कोंकणीत बोलते तिच्यासाठी थेरपिस्टला आपल्या कानावरच विसंबावं लागतं. म्हणून मी म्हणतो की गोव्यात वाढलेल्या मुलाकडे या व्यवसायासाठीचं एक हत्यार जन्मतःच असतं. मुंबईत किंवा मंगळुरूत शिकलेला अत्यंत हुशार थेरपिस्ट इथे आला तरी आजीचं ‘आमगेलो चेडो मातसो कमी उलयता’ (आमचा मुलगा जरा कमी बोलतो) हे त्याला दुभाष्याशिवाय समजेलच असं नाही. तुम्हाला ते समजतं, आणि त्याच दमात तुम्ही सुनेशी मराठीत, शाळेशी इंग्रजीत बोलता. गुणपत्रिकेत याला रकाना नाही, क्लिनिकमध्ये मात्र पहिल्याच दिवशी याची किंमत कळते.

भाषांची ही गुंतागुंत म्हातारपणी आणखी रंगते. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने एका रुग्णाचा मेंदू तपासला. हा माणूस वर्षानुवर्षं ‘टॅन’ एवढंच बोलू शकत असे, पण समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं समजत होतं. त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्याचा पुढचा भाग निकामी झालेला आढळला. १८७४मध्ये कार्ल वेर्निकेने उलट प्रकार मांडला: माणूस सराईतपणे बोलतो, पण बोलण्यात अर्थ नसतो आणि दुसऱ्याचंही त्याला उमगत नाही. मेंदूला इजा होऊन भाषा अशी हरवते तिला अफेझिया म्हणतात. बुद्धी जात नाही, ओळख जात नाही, शब्द जातात. घरचे मात्र ‘वेड लागलं’ किंवा ‘बहिरे झाले’ असं समजून मोठ्याने ओरडून बोलू लागतात.

समजा फोंड्याचे एक पंच्याऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत. लहानपणी घरात कोंकणी, वाचन आणि भजन मराठीत, १९६१च्या आधी शाळा पोर्तुगीज, ‘सेगुंद ग्राव’ ही तिथली प्राथमिक परीक्षा झालेले, पुढे नोकरीत आयुष्यभर इंग्रजी. डाव्या मेंदूत पक्षाघात झाला. आता कुठली भाषा आधी परत येईल? फ्रेंच अभ्यासक रिबो याचं म्हणणं, सगळ्यात आधी शिकलेली. १८९५मध्ये पित्र याने मांडलं, आजाराच्या वेळी सर्वांत जास्त वापरात असलेली. प्रत्यक्षात बहुतेकांच्या सगळ्या भाषा बरोबरच थोड्या थोड्या परततात, पण काहींच्या बाबतीत एखादीच आधी डोकं वर काढते, आणि कधीकधी ती घरात कुणालाच न येणारी असते. नातवंडांना वाटतं आजोबा बडबडतायत, आणि ते व्यवस्थित पोर्तुगीजमध्ये पाणी मागत असतात. पोर्तुगीज शाळेत शिकलेली ही पिढी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे, म्हणजे नेमकी पक्षाघाताच्या वयात, आणि त्यांच्यासाठी चार भाषांत तपासणी करू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

याच आजोबांना बायकोचं नाव आठवत नाही, पण गणपतीची आरती सुरू केली की ते टाळ्यांसकट पुढे म्हणतात. एक ते दहा मोजतात, वार सांगतात. घरच्यांना हा चमत्कार वाटतो, किंवा ‘मुद्दाम बोलत नाहीत’ असा संशय येतो. खरं तर पाठ झालेली, लयीत बांधलेली भाषा मेंदूत वेगळ्या वाटेने चालते, तिथे उजव्या अर्ध्याचाही हात असतो. या गोष्टीचा उपयोग करून १९७३मध्ये बोस्टनमधल्या अभ्यासकांनी एक पद्धत मांडली: डाव्या हाताने ठेका धरत, सुरात लांबवून ‘पा-णी दे’ म्हणवून घ्यायचं आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. सगळ्यांना लागू पडत नाही. पण ज्यांना लागू पडतं त्यांच्या खाटेपाशी ठेका धरून बसायला ज्याला लाज वाटेल त्याने हे क्षेत्र घेऊ नये.

अडखळत बोलण्याबद्दल थोडक्यात. साधारण ५ टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात, मोठेपणी हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उरतं, आणि त्यात पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त. ‘थांब, श्वास घे, मग बोल’ म्हणण्याने काही सुधारत नाही, उलट मूल बोलणंच टाळू लागतं. त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्यावं, एवढं आजच करता येईल.

आवाजाच्या बाबतीत गोवा म्हणजे थेरपिस्टला कामाची खाणच. गावोगावच्या जत्रेतली रात्रभराची नाटकं, तियात्र म्हणजे कोंकणी संगीत नाटकं, भजनं, कीर्तनं, आणि साठ मुलांच्या वर्गात पंखा आणि पावसावर आवाज चढवणारे शिक्षक. ज्या मंगेशी, केरी, कुर्डी या गावांनी देशाला मोठे गायक दिले त्यांच्याच गोव्यातली हौशी मंडळी नाटकाच्या आदल्या रात्री घसा बसला म्हणून आलं चघळत कुजबुजत बसतात. कुजबुजणं ही घशाची विश्रांती नव्हे, गप्प राहणं ही विश्रांती. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईचे दोनशेच्या आसपास एकमेकांवर आपटतात. वर्षानुवर्षं जोर लावला की त्यांच्या कडांवर छोट्या गाठी येतात. त्यावर कित्येकदा शस्त्रक्रियेआधी आवाजाची थेरपीच करून पाहतात. दोन-तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही तर मात्र आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र पाहून घ्यायचं, विशेषतः माणूस विडी-तंबाखूवाला असेल तर. न बघता थेरपी सुरू करणारा थेरपिस्ट धोकादायक.

आता शिक्षणाचं. भारतात पदवीचं नाव ‘बीएएसएलपी’: तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण चार. नावातच दोन विषय आहेत, ऑडिओलॉजी म्हणजे श्रवण आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी म्हणजे वाचा-भाषा. पदवीला दोन्ही सक्तीचे, पुढे दोन वर्षांच्या एमएस्सीला एक निवडायचा. बारावी विज्ञान लागते, फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत बहुतेक ठिकाणी बायोलॉजी किंवा गणित यांपैकी कोणताही विषय चालतो. अभ्यासात शरीररचना आहे, तसंच ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्रही आहे. मुलं इथे फसतात: डॉक्टरकी हुकली म्हणून येतात आणि पहिल्याच वर्षी ध्वनिलहरींचे आलेख आणि स्वर-व्यंजनांचं वर्गीकरण पाहून गांगरतात. ज्यांना शाळेत व्याकरणही आवडायचं आणि जीवशास्त्रही, त्यांची इथे चैन असते.

श्रवणाचा भाग दुय्यम समजू नका. ज्याला ऐकू येत नाही तो बोलायला शिकत नाही, हे तर उघडच आहे. नवजात बाळासाठी १-३-६ असा दंडक आहे: पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा उपचार सुरू. पण एक खंत सांगतो. भाषेच्या ओढीने आलेली कितीतरी मुलं शेवटी श्रवणयंत्रांच्या दुकानात ‘टार्गेट’ गाठत बसतात, कारण तिथे पगार लगेच आणि नियमित मिळतो. हे वाईट आहे असं नाही, पण ते निवडून व्हावं, घरंगळत होऊ नये.

कुठे शिकायचं? म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌ श्रवण संस्था, स्थापना १९६५, या क्षेत्रातली सर्वांत नामवंत. मुंबईत वांद्र्याला १९८३ची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, शिवाय नायर हॉस्पिटलचं टोपीवाला मेडिकल कॉलेज. पुण्यात भारती विद्यापीठ. आणि गोवेकरांना सर्वांत सोयीचं मंगळुरू, जिथे या विषयाची एकाहून जास्त कॉलेजं आहेत आणि मडगावला रेल्वेत बसलं की काही तासांत पोचता येतं. प्रवेशाची रीत संस्थेगणिक बदलते: महाराष्ट्रात राज्याच्या प्रक्रियेतून ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर जागा मिळतात आणि राज्याच्या कोट्याला तिथल्या अधिवासाची अट असते, म्हैसूरची संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेत आली आहे, खासगी कॉलेजांचं आणखी वेगळं. फी सरकारी संस्थेत माफक, खासगीत लाखांत. शक्य असेल तर पहिला हट्ट सरकारी संस्थेचाच धरावा. तिथे रुग्ण मुबलक असतात, आणि हे काम पुस्तकातून येत नाही.

दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे ‘आरसीआय’कडे, १९९२च्या कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. नोंदणीविना करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा सांगतो. हजार रुपये! यावरूनच कळेल की दोन महिन्यांचा ‘सर्टिफिकेट कोर्स’ करून पाटी लावणारे का बोकाळले. एक वर्षाचा डीएचएलएस हा श्रवण-भाषा-वाचेचा पदविका अभ्यासक्रम मात्र खरा आहे, तो साहाय्यकाच्या कामासाठी असतो. पदवीधराच्या जागी त्याला समजू नये.

नोकऱ्यांबद्दल गुळगुळीत बोलण्यात अर्थ नाही. गोवा लहान, सरकारी जागा मोजक्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कंत्राटी. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा हॉस्पिटलं, पर्वरीची संजय स्कूल, फोंड्याची लोकविश्वास प्रतिष्ठान, मुलांच्या विकासासाठी काम करणारी सेतू यांसारख्या संस्था, ही नावं माहीत असावीत. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरच्या केंद्रांसाठी या पदाची तरतूद आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं, त्यात वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व स्वतंत्रपणे आहे, त्यामुळे प्रमाणपत्रांच्या कामातही तुमचं मत लागतं. जानेवारी २०२३मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हापासून या विषयावर लोक निदान मोकळेपणी बोलू लागलेत. बाकीचं काम खासगी: स्वतःचं क्लिनिक, एका सत्राला काहीशे रुपये, सकाळी शाळा, दुपारी हॉस्पिटल, संध्याकाळी घरभेटी. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातात. बालरोगतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट रुग्ण पाठवू लागले की घडी बसते. लोक तुम्हाला ‘डॉक्टर’ म्हणतील. तिथल्या तिथे दुरुस्त करत जा, नाहीतर ते अंगवळणी पडतं.

परदेशाचा प्रश्न गोव्यात विचारला जातोच, आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्या घरांत तर आधी तोच. अमेरिकेत मास्टर्सशिवाय प्रवेश नाही, वर परवाना वेगळा. ब्रिटनमध्ये आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक मंडळाकडे नोंदणी लागते. तिथे इतर बहुतेक व्यवसायांना आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७.० गुण पुरतात, स्पीच थेरपिस्टकडून मात्र ८.० मागतात. स्वतःची इंग्रजी डगमगती असेल तर इंग्रजी बोलणाऱ्या आजोबांचे शब्द तुम्ही कसे शोधणार? आणि इथे तुमचं भांडवल असलेली कोंकणी-मराठी तिथे फारशी चालत नाही, हेही हिशेबात धरा.

निर्णयाआधी माहितीपत्रकं वाचू नका, एखाद्या थेरपिस्टच्या परवानगीने आणि पालकांच्या संमतीने दोन पूर्ण दिवस त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात बसा. एक दिवस मुलांचा, एक वॉर्डातला. वॉर्डात लाळ दिसेल, नाकातली नळी दिसेल, चमचाभर पाणी गिळायला दहा मिनिटं लावणारा माणूस दिसेल. मुलांच्या खोलीत एक पोर पाऊण तास टेबलाखाली बसून राहील आणि थेरपिस्टही मुकाट्याने टेबलाखाली जाईल. मग कॉलेज निवडा. फॉर्म भरण्याच्या दिवशी आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची, त्याच अभ्यासक्रमाची, त्याच वर्षासाठीची मान्यता तपासा. आणि कॉलेजला विचारा की दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आठवड्याला किती रुग्ण प्रत्यक्ष हाताळतो, आणि त्या वेळी शिक्षक खोलीत असतात का.